गवळ्याची दावण आणि देवरामचं दावं

"आधी दावं सोडून येतो. मग कुठं कापाचं तिथं कापा मले," ताटावरून उठता उठता देवराम म्हणाला, आणि माझ्या बायकोनं हातातली भाताची परात तशीच खाली ठेवली.

देवराम म्हणजे माझा साळा, सुमित्राचा धाकटा भाऊ. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदयाचं ऑपरेशन आता लांबवू नका. हा रोज नवीन कारण काढायचा. आधी म्हणाला, थंडी कमी होऊ द्या. मग म्हणाला, शेजारच्या पोरीचं लग्न होऊ द्या. आम्ही हात जोडले, सुमित्रानं डोळ्यांतून पाणी काढलं, गडी ढिम्म. आणि आज भात-वरण खाता खाता हे बोलला. गंमत म्हणजे ज्या जन्मगावाचं नाव काढलं तरी तो उठून जायचा, तिथंच जायची गोष्ट करत होता.

वाचणाऱ्यांना दावं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आमच्या भंडारा जिल्ह्यात, सानगडीच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमध्ये, फार जुने उभे दगड आहेत. कोणी माणसाएवढा, कोणी कमरेएवढा, एखाददुसरा थकून आडवा झालेला. सगळे जवळजवळ एका ओळीत. जाणकार सांगतात की दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्या मेलेल्यांच्या आठवणीला असे दगड उभे केले असावेत. असेलही. पण गावातले लोक त्याला गवळ्याची दावण म्हणतात, आणि त्यांची गोष्ट वेगळी आहे.

एक गवळी राजा होता. म्हशी इतक्या की दूध काढता काढता दिवस मावळायचा. एका कोरड्या वर्षी त्यानं एका म्हाताऱ्या भाकड म्हशीला चारा नको म्हणून हाकलून दिलं. ती गेली, आणि तिच्यामागं सगळा कळप चालता झाला. राजाचे गडी म्हणाले, आता खुंटे उपटून सरपण करू. राजा म्हणाला, राहू द्या, येतील. वाट पाहता पाहता राजा गेला, आणि लाकडाचे खुंटे दगडाचे झाले.

म्हणून तिथं अशी रीत आहे: कोणाचं जनावर हरवलं की त्यानं दावणीच्या एका दगडाला रिकामं दावं बांधायचं. जनावराच्या गळ्यात असतो तो फास मोकळा सोडायचा. जनावर घरी आलं की दावं सोडायचं. घरचं माणूस निघून गेलं तरी तसंच. पण माणसाचं दावं ज्याच्या नावाचं त्यानंच सोडायचं. सोडताना दुसऱ्यानं हात लावला किंवा विळ्यानं कापलं, तर आलेला माणूस पुन्हा जातो, असं म्हणतात.

देवराम तरणाबांड असताना गाव सोडून गेला, तेव्हा सुमित्रानं माहेरी जाऊन त्याच्या नावाचं दावं बांधलं होतं. तो छत्तीसगडात धानाच्या गिरणीत राबला, तिकडेच केस पांढरे केले, आणि काही वर्षांपूर्वी भंडाऱ्याला आमच्या शेजारी खोली घेऊन राहायला आला. गावाला मात्र गेला नाही. सासू-सासरे वारले, घर पडलं, शेत विकलं गेलं. दावं बांधलेलंच राहिलं.

"टेबलावर झोपवून सुई टोचतीन," देवराम मला हळूच म्हणाला. "अन् दावं तिकडं बांधलेलं. मी अर्ध्यात निघून गेलो तं?"

सकाळची गाडी ठरली.

एक गोष्ट मात्र मी कोणालाच सांगितली नाही. अंबाडीचं दावं उन्हापावसात किती टिकतं? केव्हाच कुजून मातीत गेलं असणार. सोडायला दावंच नसलं तर हा माणूस तिथंच बसेल, आणि मग नागपूर कसलं न् ऑपरेशन कसलं! म्हणून मी आमच्या जुन्या गोठ्यातलं एक दावं काढलं, धूळ झटकली आणि पिशवीत तळाशी चटणीच्या डब्याखाली दडवलं. पुढं जाऊन गुपचूप बांधून टाकू, असा बेत. भल्यासाठी केलेली लबाडी देवाला चालते, असं मी धरून चाललो होतो.

भंडाऱ्याहून साकोलीला एसटी भरपूर आहेत. सकाळची गाडी धरा, कॉलेजची पोरं चढायच्या आत जागा मिळते. आम्हा तिघांचीही अर्धी तिकिटं. कंडक्टर हसून म्हणाला, "आजोबा, तिघं मिळून दीडच मानूस झाला तुमचा."

"वजनात मोज मंग," सुमित्रा म्हणाली. "हे एकटेच दोन हायेत." आख्खी गाडी माझ्या पोटाकडं बघून हसली. देवराम सुद्धा. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं हसू.

लाखनीला गाडी जरा थांबते. महामार्गावर ट्रकांची रांग, टायरवाले, हार्डवेअरवाले, आणि स्टँडजवळ कढईतून नुकते निघालेले आलुबोंडे. मी दोन खाल्ले, सुमित्रानं एक. देवरामला तेल बंद, तो नुसता चहा फुंकत बसला. आणि तिथं, ट्रकच्या हॉर्नांत, त्यानं पहिल्यांदा मला सांगितलं की तो का गेला होता. इतकी वर्षं मला एवढंच ठाऊक होतं की काहीतरी भांडण झालं.

फागू त्याचा जिवाचा दोस्त. दोघांच्या बांध्या एकमेकींना लागून. भाताची रोवणी झाल्यावर एका सकाळी देवरामच्या बांधीतलं पाणी उतरून फागूच्या बांधीत गेलेलं दिसलं. यानं आव पाहिला न ताव, चावडीवर चार लोकांत सांगितलं की फागूनं माझा धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडला, फागू पाणीचोर. फागू एक शब्द बोलला नाही. दोन दिवसांनी देवराम धुरा नीट करायला गेला, तर खालून खेकड्याचं बीळ निघालं.

"मंग सांगाचं ना जाऊन त्याले," मी म्हटलं.

"सांगाले गेलो होतो. त्याच्या दारापर्यंत गेलो. त्याच्या मायनं मले म्हटलं, ये बाबू, जेवाले बस." देवरामनं कप खाली ठेवला. "तिथूनच जे निघालो, ते रायपूरले जाऊन थांबलो."

साकोलीला उतरून सानगडीला जायला ऑटो मिळतात. आम्ही मात्र जाऊन-येऊन अख्खा ऑटो ठरवला, सातशे रुपयांत. म्हातारी माणसं सोबत असतील तर तेच बरं. रस्ता चांगला आहे, शेवटचा गावाकडचा तुकडा तेवढा मुरमाचा. दिवस हिवाळ्याचे निवडा. धान कापून झालेलं असतं, बांध्या कोरड्या असतात आणि त्यात लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीचं पीक, हिरवीगार उठलेली असते. निळी-पांढरी बारीक फुलं. धुऱ्यानंच चाला, लाखोळी तुडवू नका. सानगडीत उकडलेले शिंगाडे मिळाले तर घ्या. आम्ही घेतले, आणि देवरामनं सालं काढून काढून आम्हालाच खाऊ घातले.

गावच्या अलीकडेच ऑटो थांबवायला लावला त्यानं. "गावात नाई जाणार. बांधीतून जाऊ. दावं सोडू अन् निघू." फागू जिवंत आहे की नाही, हे सुद्धा त्यानं ऑटोवाल्याला विचारू दिलं नाही.

दगड लांबूनच दिसतात. फोटोत ते काही भारी वाटत नाहीत, मी आधीच सांगून ठेवतो. पण हिरव्या लाखोळीत ते काळे उभे बघितले की जरा गप्प व्हायला होतं. खरंच वाटतं की आत्ताच कोणी म्हशी सोडून नेल्या असाव्यात.

मी लघवीचं निमित्त करून पुढं सटकलो. पिशवी काखेत, चटणीचा डबा आत खडखडतोय. सुमित्रानं सांगून ठेवलं होतं की आपला दगड सरळ उभा, मोहाच्या झाडाजवळचा. मी झाड बघितलं, दगड बघितला, आणि जागीच उभा राहिलो. दगडाला दावं होतं! अंबाडीचं, चांगलं धडधाकट, फास मोकळा लोंबतोय.

मागून सुमित्रा धापा टाकत आली. "पाहिलं? म्हटलं नोतं मी? राहिलं ना दावं!" तिनं दगडाला हात लावून कपाळाला लावला. मला दिसत होतं की दावं काही इतकं जुनं नाही. पण माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं होतं की तोंड उघडायची इच्छाच झाली नाही. गवळी राजाची कृपा म्हटलं, आणि पिशवी पुन्हा काखेत मारली.

देवराम खाली बसला. गाठ सैलच होती, पटकन सुटली. त्यानं दावं दोन्ही हातांत धरलं, आणि सुमित्रानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग आम्ही झाडाखाली पोळ्या, चटणी, शिंगाडे काढले. देवराम चक्क म्हणाला, "भाऊजी, भूक लागली."

दुसरी पोळी हातात होती तेव्हा लाखोळीची भाजी खुडणारी एक बाई ओटीत पाला घेऊन धुऱ्यावरून आली. तरुणच होती. दगडाकडं बघितलं, देवरामच्या मांडीवरच्या दाव्याकडं बघितलं, आणि ओरडली, "अवो बावा! हे कोनं सोडलं?"

"मी सोडलं," देवराम म्हणाला. "माझं होतं."

"तुमचं कसं होईन? ते आमच्या कालवडीचं दावं हाये! परवा बांधलं मी. कालवड अजून आली नाई, अन् तुमी सोडून मोकळे!"

आमच्या तिघांची तोंडं बघण्यासारखी झाली असणार.

"नाई वो बाई, हा आमच्या घरचा दगड," सुमित्रा म्हणाली. "मोहाजवळचा. मी माझ्या हातानं बांधलं होतं, माझ्या भावाच्या नावाचं. देवरामच्या."

बाईचा आवाज एकदम खाली आला. "देवराम म्हनजे... ते गेलेले देवराम?" तिनं पदर सावरला. "तुमचा मोह तं कवाचा पडला वाऱ्यानं. हा मोह दुसरा. तुमचा दगड तो तिकडं, वाकलेला." आणि लगेच ओटीतला मोबाइल काढून कानाला लावला. "मामाजी, लवकर या दावणीवर. तुमच्या दाव्याचा मानूस आला." पलीकडून काही विचारलं असावं. "हो, तोच. अन् आपल्या कालवडीचं दावं सोडून बसला हाये."

ती शालू. आणि तिचे मामाजी, म्हणजे सासरे, तोच फागू.

देवराम उठायला लागला. "चला भाऊजी, निंगू." सुमित्रानं त्याचा हात धरला. "आता रायपूरले जाशील का? बस खाली."

तोवर शालूच्या कालवडीची तजवीज करायला हवी होती. एकदा सुटलेलं दावं पुन्हा बांधत नाहीत, नवीन लागतं. ती घरी जायला निघाली, तर मी पिशवीत हात घातला आणि डब्याखालचं दावं काढून पुढं केलं.

सुमित्रा माझ्याकडं बघत राहिली. "हे कुठून आलं?"

"असंच. होतं पिशवीत."

"चटनीसंगं दावं?" बोलली एवढंच. पण नवरा-बायकोच्या संसारात असे डोळे दोन-तीनदाच बघायला मिळतात. शालूनं माझं दावं दगडाला बांधलं, फास मोकळा केला, आणि माझी लबाडी अशी सत्कारणी लागली.

वाकलेल्या दगडापाशी आम्ही गेलो तेव्हा आधी मला दोरच दिसला. निळा, नायलॉनचा, नवाकोरा म्हणावा असा. आणि गाठ? मुठीएवढी. दोराखाली दगडाला एक गुळगुळीत पट्टा पडला होता, जात्याच्या खुंट्याला पडतो तसा. एका वर्षात पडणारा पट्टा नव्हे तो.

देवरामनं नखं लावली. हलेना. मी लावली, तर शालू ओरडली, "तुमी नोका हात लावू, जवाईबापू!" मी हात मागं घेतला. रस्त्यावरून ऑटोवाला कुठूनसा विळा घेऊन आला, त्याला सुमित्रानं हाकललं. देवराम घामेजला, मला त्याच्या छातीची काळजी वाटू लागली.

तेवढ्यात फागू आला. उंच, वाळका, डोक्याला गमछा, हातात काठी. आला, आणि दगडाच्या पलीकडं उभा राहिला. देवरामनं वर बघितलं नाही. कोणी "राम राम" सुद्धा म्हटलं नाही.

"डावा शेव पकड," फागू म्हणाला.

"हा का?"

"तुझा डावा. माझा नाई."

"तू समोर उभा हायेस. मले उलटं दिसते."

"मंग सरक तिकडं." फागू वळसा घालून आला आणि देवरामच्या शेजारी उकिडवा बसला. दोन्ही हात त्यानं स्वतःच्या काखांत दाबून धरले, चुकून दोराला लागायला नकोत म्हणून. "आता वरच्या वेढ्यात बोट घाल. वढू नको! ढकल."

"ढकलू का वढू?"

"आधी ढकल. तुझी सवयच हाये आधी वढाची."

देवरामचे हात थांबले. सुमित्रानं माझी बाही घट्ट धरली.

"हो," देवराम म्हणाला. "हाये तशी सवय." मग खाली मान घालूनच म्हणाला, "खेकड्याचं बीळ होतं, फागू."

"मले मालूम हाये. तू गेल्यावर मीच तं बुजवलं." फागूनं नाक गमछ्याला पुसलं. "ढकल ना आता. का इथंच ऱ्हातं?"

देवरामनं ढकललं. गाठीच्या पोटातून दोर हातभर सरकला, मग आणखी, आणि निळं दावं सळसळत दगडावरून खाली आलं. सुमित्रा रडायला लागली. शालूनं टाळ्या वाजवल्या. ऑटोवाल्यानं सुद्धा वाजवल्या, त्याला काही कळलं नव्हतं तरी.

"इतकी आवळून कोन बांधते बे?" देवराम मनगट चोळत म्हणाला.

"दर पोयाले बैल धुवून झाले का येत होतो," फागू म्हणाला, म्हणजे दर पोळ्याच्या सणाला. "जुनं कुजलेलं गळून पडे, का मी नवीन बांधो. तुले शिव्या देत देत बांधो. जितक्या शिव्या, तितकी आवळे."

मग आम्हाला गावात नेल्याशिवाय तो ऐकणार होता होय! त्याच्या ओसरीवर बसून आम्ही गरम भात, लाखोळीची भाजी आणि वांग्यात घातलेले सुके झिंगे, म्हणजे सुकट, असं जेवलो. मला जवाई म्हणून इतकं वाढलं की कंडक्टर पुन्हा भेटला असता तर तिकीट पुरं घेतलं असतं. देवरामला शालूनं बिनतेलाचं वेगळं काढून दिलं. ज्या दारातून तो परत फिरला होता, त्याच दारात तो तोंड वर करून जेवला.

निघताना त्यानं निळं दावं फागूपुढं धरलं. फागू त्याच्याकडं बघत राहिला. "आता पोयाले मी का करू गा?" असं म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चिरला. मग दावं देवरामच्या हातात परत कोंबलं. "आता नोको. दवाखान्यातून आला का आनून दे. माझं हाये ते, विसरू नोको. पैसे देऊन घेतलं हाये."

परतीच्या एसटीत देवराम पार भंडाऱ्यापर्यंत झोपला. तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा. सुमित्रा मात्र जागी होती. खिडकी लावत म्हणाली, "तुमचं दावं कामी आलं, नाई?" मी हो म्हटलं. "पुन्हा असं काही लपवलं तं सांगून लपवत जा," म्हणाली.

ऑपरेशन चांगलं झालं. गुंगीतून बाहेर आल्यावर देवरामनं पहिल्यांदा विचारलं, "कालवड आली का?" नर्सला वाटलं, गडी भ्रमला. मी बाहेर जाऊन शालूला फोन लावला. आली होती. दोन गावं पलीकडं कोणाच्या तरी कळपात चरत होती. शालूनं दावं सोडलं होतं, आणि माझं दावं धुवून ठेवलं होतं, परत द्यायला.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. पाणी सोबत न्या, दगडांवर खडूनं नावं लिहू नका, आणि कुठल्याही दगडाचं दावं, फोटोसाठी सुद्धा, हलवू नका. हे अनुभवाचे बोल आहेत. ते दगड गेलेल्यांच्या नावानं उभे केले असतील, जाणकारांशी मी कशाला वाद घालू? पण गावानं त्यांना येणाऱ्यांची वाट पाहायला लावलं, हे मला फार आवडलं. इतका जड दगड, आणि त्याला काम दिलं ते वाट पाहायचं.

काल डॉक्टरांनी देवरामला प्रवासाची मोकळीक दिली. संध्याकाळी मी त्याच्याकडं गेलो तर तो ओट्यावर बसून निळ्या दाव्याची घडी घालत होता. नीट बसेना म्हणून पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"भाऊजी," म्हणाला, "साकोलीची पयली गाडी कितीले हाये?"